अंबुजाक्कांचे दशांश

तंजावरच्या आम्हा मराठी लोकांच्या सभेच्या ग्रंथालयात येऊन कोणी थेट पुस्तकाचे नाव सांगितले, की अंबुजाक्कांचा चेहरा पडायचा. "नाव मागाहून सांगा. काय जाणून घ्यायचंय ते आधी सांगा," असे त्या म्हणत. नवख्या माणसाला वाटे, बाई उगाच चौकशा करतात. पुस्तक मागितले तर पुस्तक द्यावे, कशाला हवे ते कशाला विचारावे? पण अक्का विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठत नसत, आणि उठल्यावर बहुतेक वेळा सांगितलेले पुस्तक सोडून दुसरेच घेऊन येत. तो माणूस ते दुसरे पुस्तक घेऊन जाई, आणि परत करायला येई तेव्हा तिसरे मागे.

अक्का गेल्या त्याला आता काही वर्षे झाली. त्यांच्याविषयी लिहायला तंजावरात मराठी लिहिणारी माणसे थोडी, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी लेखक नाही. सभेचा जमाखर्च पाहतो आणि दर मार्चअखेर पुस्तकांची मोजदाद करतो, एवढाच माझा आणि ग्रंथालयाचा संबंध. आमची बोलण्यातली मराठी जुनी आणि अर्धी तमिळ; इथे ती वाचणाऱ्याला कळेल अशी सरळ करून लिहिली आहे.

कीळ वीदी या रस्त्यावरच्या सभेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ग्रंथालय होते. पुस्तके नऊ हजारांच्या आसपास. त्यात तमिळ सर्वांत जास्त, मग इंग्रजी, मग मराठी, थोडी तेलुगू आणि संस्कृत. मराठी पुस्तकांचा आकडा मला पक्का माहीत आहे: दोन हजार एकशे चौदा. कुणाच्या आजोबांनी दिलेली, कुणाच्या घराची वाटणी झाली तेव्हा आलेली, कुणी पुण्याहून टपालाने मागवलेली. अक्का एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात करंदैहून टाउन बसने सभेत येऊ लागल्या. पगार नाही, मानधन नाही. चिन्नाळपट्टीची सुती साडी, दोरीला बांधलेला चष्मा, आणि पिशवीत एक स्टीलचा डबा. डब्यात जेवण असेल असे मला बरेच दिवस वाटत होते. त्यात मैद्याची खळ असे, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर खालून तीन बोटे सोडून त्या एक पांढरी चिठ्ठी डकवीत आणि तीवर काळ्या शाईने आकडा लिहीत.

त्या आकड्यांतच अक्कांचा जीव होता, म्हणून ते काय होते ते सांगितले पाहिजे. जगातल्या सगळ्या विषयांची दहा घरे करायची, प्रत्येक घरात दहा खोल्या, प्रत्येक खोलीत दहा फळ्या. इथवर तीन आकडे झाले. मग टिंब, आणि टिंबापुढे विषय जितका बारीक तितके आकडे आणखी. ३९२ म्हणजे माणसाच्या आयुष्यातले संस्कार आणि चालीरीती, ३९२.५ म्हणजे त्यातले फक्त लग्न. ही दशांश पद्धत अक्कांनी शोधलेली नव्हती, जगभर चालते. अक्कांनी केले ते एवढेच की भाषा बाजूला ठेवली. लग्नाच्या चालींवरचे तमिळ पुस्तक, इंग्रजी पुस्तक आणि मराठी पुस्तक एकाच फळीवर, एकमेकांना चिकटून. इतर ग्रंथालयांत आधी भाषेची कपाटे करतात आणि मग विषय लावतात. अक्कांना ते मान्य नव्हते.

"शब्द तीन भाषांत तीन होतात, बाबू," त्या मला म्हणायच्या. बाबू हे माझे घरचे नाव. "आकडा तीन भाषांत एकच. तुझ्या लेकीला देवनागरी येत नाही. तिला आकडा येतो कीं नाही?"

माझ्या लेकीला देवनागरी येत नव्हती हे खरे. आमच्यात आता कुणाच्याच मुलांना येत नाही. ती मराठी ऐकतात, समजतात, आणि उत्तर तमिळमध्ये देतात. कॉलेजात तिला आपल्या समाजातल्या लग्नविधींवर प्रकल्प करायचा होता. ती ग्रंथालयात गेली, ३९२.५ च्या फळीवरून तमिळ पुस्तक काढले, आणि त्याला चिकटून असलेले एक पातळ मराठी पुस्तकही हातात आले. ते तिला वाचता येईना, पण फळी लग्नाची म्हणजे पुस्तकही लग्नाचेच, एवढे कळले. घरी आणून तिने ते माझ्या आईसमोर ठेवले. आई वाचत गेली, लेक तमिळमध्ये लिहीत गेली. पुस्तकाचे नाव होते 'कुलाचारमंजिरी'. नावावरून शोधायचे झाले असते तर मलाही सापडले नसते. त्यात लग्न आहे हे नावात कुठेच नाही.

अक्का विचारपूस कशी करत ते एकदा मी शेजारी बसून ऐकले. पापनाशमचा एक शेतकरी आला होता. त्याला केळीवर पुस्तक हवे होते. बोलणे तमिळमध्ये चालले होते.

"केळीला काय झालंय?" अक्का.

"पानं पिवळी पडतायत, अम्मा."

"सगळ्या शेतात?"

"नाही. पश्चिमेच्या बांधाकडची तेवढी."

"तिथं पाणी साचतं?"

"ऐप्पसी महिन्याच्या पावसात साचतं. महिनाभर हलत नाही."

"मग केळीचं पुस्तक घेऊन काय करतोस? ते तर सांगेल केळ किती चांगली असते. तुला पाणी घालवायचंय." अक्का उठल्या आणि ६३१.६२ ला गेल्या. शेतातल्या पाण्याचा निचरा. तिथे तीन पुस्तके होती: एक तमिळ, एक इंग्रजी, आणि पाट व चर कसे खणावेत यावरचे एक जुने मराठी, पानोपानी रेखाटनांचे. त्यांनी तमिळ आणि मराठी अशी दोन त्याच्यापुढे ठेवली.

"हे वाचता येत नाही, अम्मा."

"चित्रं तमिळच आहेत," अक्का म्हणाल्या.

त्याने दोन्ही नेली. पोंगलच्या आधी केळीचा एक घड घेऊन आला आणि मराठी पुस्तक आणखी महिनाभर ठेवून घेऊ का म्हणून विचारले, कारण शेजाऱ्यालाही चर खणायचा होता.

घरीही अक्का अशाच. करंदैला त्यांच्या घरी मी वर्षातून एक-दोनदा जात असे. त्यांचे यजमान शामराव, आम्ही त्यांना मामा म्हणतो, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. अक्कांच्या स्वयंपाकघरात डबे पदार्थाप्रमाणे नव्हते, कामाप्रमाणे होते. सांबाराचे एका फळीवर, रसमचे दुसऱ्या, पोटदुखीचे आणि बाळंतिणीचे तिसऱ्या. जिरे दोन ठिकाणी लागते, म्हणून डबा एकीकडे आणि दुसरीकडे एक चिठ्ठी: 'जिरे: रसमच्या फळीवर पाहा.' मामा मला म्हणाले, "या घरात जिरं मागायचं तर आधी पोट दुखतंय कीं रसम करायचंय ते सांगावं लागतं."

"मग सांगा कीं," आतून अक्कांचा आवाज आला. "तेवढंच बोलणं होतं आपलं."

मामा हसले. "पाहिलंस? चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं पत्त्यावर पोचवली. इथं माझा मलाच पत्ता सापडत नाही."

अशी ती माणसे. पुढचे सगळे घडले त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याने काही हलके होत नाही.

महाराष्ट्रातून पाहुणे आले. दरवर्षी कोणी ना कोणी येतात, मोठे देऊळ पाहतात, राजवाडा पाहतात, आणि इथे मराठी बोलणारी माणसे आहेत म्हटल्यावर सभेत येतात. हा गट मोठा होता. त्यातल्या एका बाईंनी सभेचे अध्यक्ष प्रतापरावांना विचारले, "मराठी पुस्तकं कुठे आहेत?"

"सगळीकडे," प्रतापराव म्हणाले.

"सगळीकडे म्हणजे?"

प्रतापरावांनी दाखवले. तमिळ, मराठी, इंग्रजी, तमिळ, मराठी. त्या बाईंचे डोळे भरून आले. तीनशे वर्षे जपलेली भाषा, आणि तिला अशी कोपऱ्याकोपऱ्यात कोंबलेली? दुसरे एक गृहस्थ कण्यावरची चिठ्ठी बघून म्हणाले, "आकडेसुद्धा इंग्रजी!" अक्का तिथेच होत्या. त्या समजावून सांगू लागल्या, पण पाहुण्यांना तिरुवैयारुला जायचे होते आणि बस खाली उभी होती.

प्रतापराव निवृत्त इंजिनियर, सज्जन माणूस. त्यांच्या मनाला ते फार लागले. पाहुण्यांनी परत गेल्यावर देणगी पाठवली, आणि सभेच्या बैठकीत ठराव आला: मराठी पुस्तकांसाठी स्वतंत्र दालन, काचेची कपाटे, कुलूप, वर कमान. त्याबरोबर सगळ्या पुस्तकांची यादी कंप्युटरवर. पुस्तकाचे नाव, लेखक, भाषा आणि कपाट. नाव टाइप केले की पुस्तक हजर.

अक्का सभासद नव्हत्या, पण त्यांना बोलायला बोलावले होते. त्या उभ्या राहिल्या. "प्रतापराव, आमच्यात मराठी वाचणारे किती उरलेत?"

"म्हणूनच तर अक्का. जपायला पाहिजे."

"जे वाचू शकत नाहीत त्यांच्या हाताला ती पुस्तकं लागतात, कारण ती तमिळच्या शेजारी आहेत. वेगळी काढलीत तर त्या कपाटाकडे जाईल कोण?"

"ज्याला शोधायचंय तो जाईल कीं."

"शोधणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत नसतं, प्रतापराव. ते माहीत असतं तर अर्धं काम झालेलंच असतं."

लोक हसले. चांगल्या मनाने हसले. मग हात वर झाले. विरुद्ध हात माझा एकट्याचा होता. मलाही अक्कांचे सगळे पटले होते असे नाही. पण चालणारी मांडणी मोडायला कारण दिसेना.

अक्कांनी मग एकच मागितले. पुस्तके हलवा, कपाटे करा, पण यादीत माझ्या आकड्याचा एक रकाना ठेवा. पुस्तक कुठेही असो, आकडा टाकला की त्या विषयाची सगळ्या भाषांतली पुस्तके पडद्यावर एकत्र यावीत. फळीवर शेजारी नसतील, निदान यादीत तरी असतील.

"एक काय, दहा रकाने ठेवू," प्रतापराव म्हणाले. "पण भरणार कोण?"

"मी भरीन."

पोंगल झाल्यावर त्यांनी सुरुवात केली आणि संपेपर्यंत आडी, म्हणजे आपला आषाढ, उजाडला. दोन बोटांनी टाइप करत. समोर कार्डांचा लाकडी खण. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड, त्यावर अक्कांच्या हातचा आकडा. डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, उजव्यात काचबिंदू. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसत. मामा दुपारी डबा घेऊन येत आणि जिना चढून आले की म्हणत, "संपली का तुमची दुनिया?"

"साहित्यापर्यंत आलेय. इतिहास राहिलाय."

"इतिहास राहू दे. ताक गरम होतंय."

इकडे काचेची कपाटे आली. मराठी पुस्तके पुसून, नवी कव्हरे घालून त्यांत लावली. विषयवार नाही, उंचीप्रमाणे, कारण कमानीखाली तसे शोभत होते. कण्यावरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने भिजवून खरवडून काढल्या. अक्कांची खळ चांगली होती, काही ठिकाणी कापडही चिठ्ठीबरोबर निघून आले. अक्कांनी ते पाहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे. आता यादीत आहेत ते."

त्यांचे काम पुरे झाले तेव्हा कंप्युटरवाला सेल्वम त्रिचीहून आला, त्यांनी भरलेली यादी त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये ओतली, सभेचा जुना कंप्युटर साफ करून नव्याने बसवून दिला.

दालनाचे उद्घाटन सरस्वतीपूजेला झाले. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकांची पूजा करतात आणि कोणी पुस्तक उघडत नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला वाचायचे. त्यामुळे कपाटे उघडली आणि बंद केली. फुले, आरती, भाषणे. अक्कांना शाल घातली. मग पंगत. गर्दी फार, म्हणून दर पंगतीला कूपने वाटली होती. माझ्या हातात कूपन आले तेव्हा कागद ओळखीचा वाटला. जाड, पिवळसर, एका टोकाला भोक. 'पंगत २' असा शिक्का होता. उलटून पाहिले तर मागे अक्कांचे अक्षर. कार्डांची मागची बाजू कोरी होती आणि आता सगळे कंप्युटरवर आले आहे, म्हणून स्वयंपाकाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी खणच्या खण कापून घेतले होते.

अक्का माझ्या पुढेच रांगेत होत्या. त्यांनी आपले कूपन उलटून वाचले. बराच वेळ वाचले. मागचा माणूस "अक्का, चला," म्हणाला. त्यांनी ते वाढप्याच्या टोपलीत टाकले आणि पानावर जाऊन बसल्या.

"अक्का, हे बरं नाही झालं," मी म्हणालो.

"नाही झालं," त्या म्हणाल्या. "पण सगळं भरून झालंय. एकही सोडलं नाही मी." आणि पानातल्या मिठाला बोट लावले.

कार्तिकात ओरत्तनाडूहून एक बाई आल्या. आमच्यातल्याच. लेकीचे लग्न ठरले होते, खांद्याला पत्रिकांची पिवळी कापडी पिशवी. मुलाकडच्यांना तमिळ पद्धत हवी होती आणि बाईंना आपल्या पद्धतीचे विधी क्रमाने लिहून न्यायचे होते, म्हणजे निदान गौरीहर आणि सीमांतपूजन तरी सुटू नये. रविवार होता, मी जमाखर्चाचे काम करत बसलो होतो. अक्कांनी मला सांगितले, "बाबू, टाक. तीन नऊ दोन, टिंब, पाच."

मी टाकले. पडद्यावर आले: नोंद नाही.

"नीट टाक."

पुन्हा टाकले. नोंद नाही. मग मी टिंब आणि पाच काढून नुसते ३९२ टाकले. बारशाची, मुंजीची पुस्तके आली, लग्नाचे एकही नाही. त्या यादीतल्या एकाही आकड्यापुढे टिंब नव्हते. मी ३९३ टाकले आणि सगळी आली. वर पहिली ओळ दहाव्या दिवसाच्या विधीची, तिच्याखाली लग्नाची गाणी, तिच्याखाली अंत्येष्टी, तिच्याखाली 'कुलाचारमंजिरी'.

मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. प्रोग्रॅममधला तो रकाना पूर्णांकांचा होता. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वरचा पूर्ण आकडा, कमी असेल तर खालचा. ३९२.५ चा ३९३ झाला होता, आणि ३९३ म्हणजे मृत्यूचे संस्कार. आमच्या सगळ्या लग्नांची पुस्तके मर्तिकाच्या पुस्तकांत जाऊन बसली होती.

त्या बाई माझ्या खांद्यावरून पडदा पाहत होत्या. नावे तमिळ लिपीतही लिहिलेली होती, त्यांना वाचता येत होते. त्यांनी पत्रिकांची पिशवी छातीशी घट्ट धरली. "अहो, लग्नघरचं विचारायला आले मी!" एवढे म्हणून त्या जिना उतरून गेल्या. अक्का "बाई, थांबा, थांबा" म्हणत कठड्यापर्यंत गेल्या.

मी सेल्वमला फोन लावला. तो म्हणाला, "सार, तो कॉलम पॉइंट घेत नाही. कुणी सांगितलं नव्हतं."

"मूळ यादी दे आम्हाला."

"ती तुमच्याच सिस्टिमवर होती ना, सार. फॉर्मॅट करून दिली मी. तुमच्याकडं कार्डं असतील ना?"

फोन ठेवला तेव्हा अक्का शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. "आणखी काय काय सरकलंय, वाच," त्या म्हणाल्या. मी वाचले. स्वयंपाकाची पुस्तके पंगतीच्या मांडणीत. पाण्याचा निचरा पिकांच्या किडींत. लहान मुलांची दुखणी ६१८.९२ ला होती. ती ६१९ ला गेली होती, जनावरांवरच्या प्रयोगांत.

"पोरंसुद्धा," अक्का म्हणाल्या.

तमिळ आणि इंग्रजी पुस्तकांच्या कण्यांवर चिठ्ठ्या होत्या. त्यांचे आकडे परत मिळण्यासारखे होते. मराठीचे कुठेच नव्हते. चिठ्ठ्या खरवडलेल्या, कार्डे खरकट्याबरोबर गेलेली, यादी पूर्णांकात.

ओरत्तनाडूच्या बाईंनी प्रतापरावांना फोन केला होता. प्रतापराव दुखावले, घाबरलेही. लग्नाच्या घरात अशी गोष्ट अपशकुन म्हणून बोलली जाते. पुढच्या बैठकीत त्यांनी तो रकानाच काढून टाकायला सांगितले. "अक्का, तुमच्यावर राग नाही. पण चुकीचे आकडे असण्यापेक्षा नसलेले बरे. लोकांना नावानं शोधू दे."

"नावं देवनागरीत. टाइप कोण करणार?"

"तमिळमध्येही आहेत."

"नाव माहीत असलं तर."

प्रतापरावांनी हात जोडले. "अक्का, आता पुरे."

आदल्या वर्षी मराठी पुस्तके एकशे त्रेसष्ट वेळा घरी गेली होती. नेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक देवनागरी न येणारे, घरात वाचून दाखवणारे कोणी असलेले. दालन झाल्यावरच्या वर्षी अकरा वेळा. मी वार्षिक सभेत दोन्ही आकडे वाचले. कोणीतरी म्हणाले, हल्ली वाचतंय कोण. तो विषय तिथेच संपला.

अक्कांनी पुन्हा सुरुवात केली. कपाटांची किल्ली प्रतापरावांकडे, आणि ते फक्त रविवारी सकाळी येत. अक्का बसने येत, पुस्तक काढून घेत, अनुक्रमणिका डोळ्याला लावून वाचत, मधली पाने पाहत, मग आकडा ठरवत. आकडा नावावरून ठरत नाही, पुस्तक चाळावे लागते. पूर्वी दिवसाला वीस होत. आता एका रविवारी चार, कधी तीन.

एकदा त्यांनी विचारले, "बाबू, किती लागतील रे?"

मी कागदावर मांडले नाही. दोन हजार एकशे चौदा, वर्षाला पन्नास रविवार, रविवारी चार. तोंडीच होते. "साडेदहा वर्षं, अक्का. चार धरून."

त्या शहात्तर वर्षांच्या होत्या.

"सण धरलेस?"

"दोनच रविवार सोडलेत."

"आणि डोळा?"

"तो नाही धरला."

"तू बेरजेत चुकत नाहीस कधी," त्या म्हणाल्या, आणि हातातले पुस्तक पुरे करून त्याचा आकडा लिहिला. त्यानंतरही काही रविवार त्या आल्या. मग एक आड एक. मग मामा पडले, मांडीचे हाड मोडले, आणि अक्कांचे येणे थांबले. तोपर्यंत एकशे सत्तरच्या आसपास झाली होती. ते आकडे त्यांनी पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिले, कण्यावर नाही. कण्यावर काही लावायचे नाही असे ठरले होते. कपाट बंद असले की ते दिसत नाहीत, आणि कपाट बंदच असते.

एकट्या अक्कांना मामांचे सगळे करणे जमेना, म्हणून होसूरला मुलाकडे जायचे ठरले. निघण्याच्या आदल्या दिवशी अक्का सभेत आल्या. मी भेटीला गेलो होतो. प्रतापराव चेन्नईला गेलेले, किल्ली त्यांच्याबरोबर. अक्का दालनात काचेसमोर उभ्या होत्या. दिसत नसल्यामुळे काचेला चेहरा लावून, एक हात काचेवर टेकवून, एकेका पुस्तकाचे नाव वाचत होत्या. नाव वाचत आणि पुढे ओठांत आकडा म्हणत. काही वेळा थांबत, मान हलवत, दुसरा आकडा म्हणत.

तेवढ्यात पाहुणे वर आले. पाच-सहा माणसांचे कुटुंब, महाराष्ट्रातले. "अरे वा!" त्यातले गृहस्थ म्हणाले. "बघा, बघा मुलांनो, तंजावरात मराठी अजून कशी जिवंत ठेवलीय या लोकांनी." त्यांनी बायकोमुलांना कमानीखाली उभे केले, फोन काढला, आणि मग त्यांना अक्का दिसल्या.

"आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मी पुढे झालो. या कोण आहेत ते सांगणार होतो. अक्कांनी माझ्या मनगटाला धरून थांबवले आणि बाजूला झाल्या. काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते. त्या गृहस्थांनी खिशातून रुमाल काढून काच स्वच्छ पुसली आणि फोटो घेतला.